ध्रुवाकडे तोंड करून बसलेला हब

मी बोलतोय, आणि आवाज कुठून येतोय म्हणून वर बघू नका. खाली बघा. कॅमेऱ्याच्या बुडाशी तो काळा लोखंडी गोळा आहे ना, तो मी. ट्रेलरच्या मागच्या चाकाचा हब.

लोक इथे येतात, कॅमेऱ्याला हात लावून बघतात, फोटो बघून वा वा करतात आणि माझ्याकडे बोट दाखवून विचारतात, हे काय, उखळ ठेवलंय का? असल्यांशी मी बोलत नाही. तुम्ही बूड टेकून बसलात म्हणून सांगतो. मधे मधे विचारू नका. मी एकदा बोलायला लागलो की मला थांबवलेलं आवडत नाही.

चाक फिरतं ते माझ्यावर. टायर दिसतो, रिम दिसते, मी कुणाला दिसत नाही. माझ्या पोटात दोन बेअरिंगं आहेत आणि मधून एक्सलचा जाड दांडा जातो. दांडा जागचा हलत नाही, मी त्याच्याभोवती फिरतो. एवढंच माझं शिक्षण. गोल फिरायचं आणि डगमगायचं नाही. शाळा मी बाहेरूनच पाहिली, तीसुद्धा धावता धावता.

जन्म भट्टीतला. लाल लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, गार झाल्यावर साचा फोडला, मी बाहेर. गाव कुठलं ते ठाऊक नाही. जन्मताना पाटी कोण वाचतो?

तिथून उरणला आलो आणि एका ट्रेलरला बसलो. बंदरातून कंटेनर उचलायचा, रस्त्याला लागायचं, रिकामं परत यायचं, पुन्हा रांगेत उभं राहायचं. कंटेनरात काय असायचं ते आम्हाला कुणी सांगितलं नाही. वजन तेवढं कळायचं. दोन्ही बाजूंना मिठागरं, उन्हात मिठाचे ढीग पांढरे फटक, आणि मधून आमची रांग. त्या खाऱ्या वाऱ्याने भलेभले सडले. मी टिकलो, कारण रामजी.

रामजी आमचा ड्रायव्हर. आडदांड माणूस, आवाज हॉर्नपेक्षा मोठा. बाकीचे ड्रायव्हर गाडीच्या पुढे लिंबू-मिरची बांधायचे आणि मागे ग्रीस भरायला विसरायचे. रामजीने कधी काही बांधलं नाही. बौद्ध माणूस. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मिरची आमटीत घालतात." पण गाडी थांबली की हा खाली उतरणार आणि एकेका हबला हाताची मागची बाजू लावून बघणार. हब तापला म्हणजे बेअरिंग जाणार, हे त्याला पक्कं माहीत. माझ्यापाशी आला की म्हणायचा, "काय रे, गार हायस ना?" मी गारच असायचो.

मग ट्रेलर म्हातारा झाला. मालकाने तो भंगारात काढला, आणि त्याच सुमारास रामजीनेही गाडी सोडली. का सोडली विचारलं तर म्हणायचा, कंटाळा आला. डोळ्यांचं नाव काढायचा नाही. शेवटच्या दिवशी भंगारवाल्याकडून एक्सलचा शेंडा माझ्यासकट कापून घेतला आणि मला एसटीत पायाशी ठेवून बोर्ली पंचतनला घरी आणलं. दारात कमळाबाई, त्याची बायको. तिने मला बघितलं, त्याला बघितलं.

"माणसं रिटायर होताना शाल आणतात, नारळ आणतात. तुम्ही लोखंड आणलंत."

"यानं मला कधी रस्त्यात टाकला न्हाय," रामजी म्हणाला.

"मी टाकला होता काय?"

झालं. मला परसात टाकला, पोफळीच्या आळ्याशेजारी. कमळाबाई माझ्यावर सुपारी फोडायची. कोंबड्या माझ्यावर चढून आरवायच्या, म्हणजे कोंबडे आरवायचे, कोंबड्या दुसरं काही करायच्या. खारा वारा अंगात शिरला, गंजाचे पापुद्रे सुटले. मी फिरायचंच विसरलो. माणसाची ही एक रीत मला कधी कळली नाही. प्रेमाने घरी आणतो आणि परसात नेऊन टाकतो.

आता जयमालाकडे येतो. रामजीची मुलगी. इथल्याच शाळेत भूगोल शिकवते, नवरा कामाला पनवेलला, शनिवारी येतो. या बाईला आकाशाचे फोटो काढायचं वेड लागलं. कुणाचा तरी वापरलेला कॅमेरा घेतला, त्याला एक लांबुडकं भिंग घेतलं आणि परसात येऊन चंद्राचे फोटो काढायला लागली. ते मात्र झकास यायचे. चंद्रावरचे खड्डे, खड्ड्यांच्या कडा, कडांच्या सावल्या. कमळाबाई म्हणायची, "शेणानं सारवायचं राहिलेलं अंगण दिसतंय." गुरूचा फोटो काढला तर त्याच्या बाजूला चार ठिपके आले. ते त्याचे चंद्र, असं जयमाला म्हणाली. मला वाटलं भिंगावर माशी बसली असेल. दुसऱ्या दिवशी ठिपक्यांनी जागा बदलली होती. मग मानलं.

चांदण्यांचं मात्र जमेना. चांदणीचा उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्याचं झाकण बराच वेळ उघडं ठेवायचं. तेवढ्यात आकाश सरकतं, आणि चांदणीच्या जागी रेघ येते. आकाश सरकतं म्हणजे खरं तर आपण फिरतो, पृथ्वी फिरते. हे मला जयमालाच्या तोंडून कळलं आणि त्या दिवशी जरा बरं वाटलं. सगळं गाव, शाळा, पोफळी, कोंबड्या, सगळीच एका मोठ्या हबवर बसलीत तर. आणि कुणाला ग्रीसची चिंता नाही.

पण घरात खरी भानगड वेगळीच होती. रामजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरने सांगितलेलं, फार थांबू नका, पिकला की अवघड होईल. रामजी ऐकेना. त्याचा जुना सोबती होता सदा, तोही ड्रायव्हर. त्याने ऑपरेशन केलं आणि डोळा गेला, ही गोष्ट रामजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सदाने दुसऱ्याच दिवशी विटांची पाटी डोक्यावर घेतली आणि चुलीपुढे बसून डोळे चोळले, हे सांगायचा नाही.

रोज चहाच्या वेळी तेच. रामजी बशीत चहा ओतणार, अर्धा बशीत, अर्धा मांडीवर.

"बशी लहान केलीत हल्ली," तो म्हणायचा.

"व्हय," कमळाबाई म्हणायची. "दारंपण अरुंद केली. परवा खांदा आपटला तुमचा."

एकदा संध्याकाळी जयमाला त्याला बाहेर घेऊन आली. आकाश निरभ्र होतं.

"आबा, किती चांदण्या दिसतात?"

रामजीने मान वर केली. बराच वेळ बघत राहिला. "चांदण्या राहिल्यात कुठं आता? आमच्या वेळी मीठ सांडल्यागत असायच्या. आता दिवे, धूर, धूळ. आभाळच बिघडलंय."

"आभाळ आहे तसंच आहे. डोळे बिघडलेत."

"माझे डोळे? मी बंदरापासून घाटापर्यंत रातच्याला गाडी हाणलीय."

"ते कधी? आता सांगा, समोर कोण उभं आहे?"

"तू उभी हायस."

"मी बोलतेय म्हणून कळलं."

तो वळला. आत गेला. जाताना माझ्यावर ठेचकाळला आणि मला शिवी दिली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

जयमाला माझ्यावर येऊन बसली. रडली वगैरे नाही, ती तसली नाही. पण बराच वेळ बसून राहिली. बाप एकेक दिवस अंधारात चाललाय आणि दोष आकाशाला देतोय, हे तिला बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चहा पिताना ती सहज म्हणाली, की तिला कॅमेरा बसवायला काहीतरी पाहिजे. आकाशाच्या चालीने गोल फिरेल आणि जराही डगमगणार नाही, असं. विकत मिळतं ते फार महाग.

"डगमगणार न्हाय असं?" रामजी म्हणाला. "मग परसात काय पडलंय? त्याच्या बेअरिंगात केसाएवढीपण ढिलाई न्हाय."

त्याने स्वतः मला उचलला. परसातून अंगणात आणला, पुसला, आणि हाताची मागची बाजू लावली. "गार हाय," म्हणाला. मला काय वाटलं ते सांगत नाही.

कामाला लावला विनेशला. विनेश कोळीवाड्यातला, बाजारात त्याचं वेल्डिंगचं दुकान. होड्यांची लोखंडी कामं, नांगर, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं करतो. त्याने मला खोलला, रॉकेलने धुतला, ट्रेलरचं ग्रीस खरवडून काढलं आणि आत काय घातलं माहीत आहे? शिलाई मशीनचं तेल. मी, ज्याने अख्खे कंटेनर पाठीवर घेतले, त्याच्या पोटात शिलाई मशीनचं तेल. पण खोटं कशाला बोलू, इतकं हलकं मला नव्या नवतीत वाटलं नव्हतं. बोटाने ढकललं तरी फिरायला लागलो.

मग एका फळीसारख्या लोखंडी स्टँडवर मला तिरपा बसवला. वर कॅमेरा. बाजूला लांब पट्टी, पट्टीखाली आट्यांचा रॉड, रॉडला चिमुकली मोटर. मोटर रॉड फिरवणार, रॉड पट्टी ढकलणार, पट्टी मला फिरवणार. कसा फिरवणार? पूर्ण एक फेरा घ्यायला दिवस आणि रात्र लागेल, असा. रस्त्यावर मी श्वास घेईपर्यंत कितीतरी फेरे मारायचो. आता एका फेऱ्याला अख्खा दिवस. म्हाताऱ्याला याहून चांगली नोकरी कुठली?

तेवढ्यात बातमी आली की धूमकेतू येतोय. पावसाळा सरला होता, दिवाळी तोंडावर. सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला समुद्रावर दिसणार, चांगली शेपूट असणार, आणि एकदा गेला की आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही दिसणार नाही. जयमाला जेवताना हेच सांगत होती.

"दिसणार न्हाय," रामजी म्हणाला. "आता काय दिसत न्हाय आभाळात."

"फोटो काढून दाखवते."

"फोटोत काय. मोबाईलात लोक मांजराला मिशा लावतात."

"मांजराला मिशा असतातच," कमळाबाई म्हणाली.

रामजीने भाकरी खाली ठेवली. "माझ्यासमोर काढ. आपल्याच किनाऱ्यावर. या हबवर. त्यात मला ओळखीचं काहीतरी दिसू दे, आपली होडी, आपला दगड, काय पण. आणि शेपूट दिसू दे. मग तू म्हणशील तिथं येतो, डोळे डॉक्टरच्या हाती द्यायला."

"बघा हं. माघार नाही."

"ड्रायव्हर माणूस हाय. रिव्हर्स घेताना आधी मागं बघतो."

"आता मागचंपण दिसत न्हाय," कमळाबाई म्हणाली.

बघा, अशी पैज. एका बाजूला रामजीचे डोळे, दुसऱ्या बाजूला मी. त्याच्या डोळ्यांचं ओझं कंटेनरपेक्षा जड होतं, हे मला तिथेच कळलं.

आधी परसात तालीम झाली. जयमालाने कॅमेरा वर रोखला, मोटर चालू केली, झाकण उघडलं. मी जीव ओतून फिरलो. फोटो लॅपटॉपवर आला आणि सगळ्या चांदण्या लांबट, तिरक्या, वाकड्या. रामजीने पडद्याला नाक लावलं.

"हे काय? बोंबील वाळत घातलेत?"

जयमालाने फोटो मोठा केला, तर बोंबीलही मोठे झाले.

"मी म्हणत होतो. आभाळ बिघडलंय." आणि हा हसत आत गेला. त्या हसण्यात जीव नव्हता. मला वाटतं, तोपण हरायचीच वाट बघत होता.

विनेश म्हणाला, मोटर खराब असेल. जयमाला म्हणाली, रॉड वाकला असेल. माझ्यावरही संशय आला. म्हाताऱ्यावर येणारच. मला पुन्हा खोलला, बेअरिंगं तपासली, ती ठणठणीत. धूमकेतू वर येऊन संध्याकाळी दिसायलाही लागला होता आणि आमचे बोंबील काही सरळ होईनात.

मग एके दिवशी जयमाला शाळेतून धावतपळत आली, पर्स खांद्यावर तशीच, आणि थेट विनेशला फोन लावला.

"विनेश, तू तो तिरका कोन कुठून घेतलास?"

"व्हिडिओतून. त्यात होता तसाच कापला, बाई. जरा पण इकडं तिकडं न्हाय."

"व्हिडिओवाला कुठला होता?"

"गोरा होता. टोपी घालून. बर्फ होतं मागं."

जयमाला मटकन ओट्यावर बसली आणि हसायला लागली. तेव्हा मला कळलं भानगड काय होती. आकाश सगळं ध्रुव ताऱ्याभोवती फिरतं, म्हणून माझा दांडा नेमका ध्रुवाकडे रोखलेला पाहिजे. बर्फाच्या मुलखात ध्रुव उंच असतो. आपल्या किनाऱ्यावरून तो खाली, डोंगराच्या जरा वर, अठरा अंशांवर. जो गावाचा अक्षांश तीच ध्रुवाची उंची. जयमाला दरवर्षी पोरांना हे फळ्यावर काढून शिकवते. त्या दिवशीही शिकवत होती. खडू हातातच राहिला.

"मलाच माझा धडा येत नाही," ती म्हणाली.

"बरं झालं, साहेब तपासणीला आला नव्हता," विनेश म्हणाला.

मला पुन्हा कापला, पुन्हा जोडला. दुखतं का कुणी विचारलं नाही. पण दांडा ध्रुवाकडे लागला आणि मोटर सुरू झाली तेव्हा एक गोष्ट झाली. मी फिरत होतो आणि फिरत नव्हतो. खालची जमीन एका बाजूला जात होती, मी तेवढाच दुसऱ्या बाजूला. आकाशाच्या मानाने मी जागच्या जागी उभा. सगळं आयुष्य पळालो, आणि उभं राहणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. फोटोत चांदण्या टिंबं होऊन आल्या. गोल, बारीक, टोकदार.

आता राहिला किनारा. बोर्लीतून धूमकेतू दिसेना, झाडं आड येत होती. विनेशच्या टेम्पोतून मला कोळीवाड्यात नेला. तिथे वाळूत बोंबलांचे मांडव, बांबूवर जोड्या जोड्यांनी टांगलेले बोंबील, आणि त्यांच्या डोक्यावर पंचायतीने लावलेला उंच खांबाचा दिवा. सूर्य बुडाला की तो पेटायचा आणि सगळा किनारा लग्नाच्या मांडवासारखा उजळायचा. चांदणी काय, आकाशच दिसायचं नाही. त्या दिव्याच्या पेटीची चावी हेमांगीकडे. हेमांगी म्हणजे विनेशची बायको. वाळवणाच्या बायकांची ती पुढारी, आणि विनेश दुकानात किती मोठ्याने बोलू दे, इथे तो हळू बोलतो.

"दिवा बंद?" हेमांगी म्हणाली. "बाई, तुम्ही माझ्या पोरीला शिकवलंत, तुमचा मान हाय. पण काळोख झाला की मांजरं मांडवावर चढतात. तुमचा शेपटीवाला मला बोंबील भरून देणार हाय?"

"थोडाच वेळ. माझ्या आबांच्या डोळ्यांचा प्रश्न आहे." आणि जयमालाने तिला पैज सांगितली. सगळी.

हेमांगीने रामजीकडे बघितलं. तो टेम्पोला टेकून समुद्र समजून भलत्याच बाजूला तोंड करून उभा होता.

"मी राखतो बोंबील," रामजी म्हणाला. "मला तसंपण वर काय बघायचं न्हाय. काठी द्या."

"तुम्ही राखणार, मामा?"

"कंटेनर राखलेत. बोंबलांचं काय घेऊन बसलीस."

पहिल्या संध्याकाळी ढग आले. दुसऱ्या संध्याकाळी समुद्रावर एक पट्टा मोकळा राहिला. सूर्य गेला, लाली गेली. हेमांगीने पेटी उघडून खटका खाली केला आणि दिवा विझला.

आधी हेमांगीची सासू, काठी टेकत बाहेर आलेली म्हातारी, म्हणाली, "आगो, त्यो बघ." मग दुसरी बाई म्हणाली. मग पोरं. मांडवाखालून, होड्यांवरून, ओट्यांवरून माणसं एकाच दिशेला तोंड करून उभी राहिली. मला डोळे नाहीत, पण मी कॅमेऱ्याच्या पायाशी आहे, जे तो बघतो ते माझ्यापर्यंत पोचतं. समुद्रावर, शुक्राच्या बाजूला, एक धुरकट ठिपका, आणि त्यातून वर गेलेला लांब फिकट पिसारा. जयमालाने एका पाठोपाठ एक फोटो घ्यायला सुरुवात केली. मी फिरत राहिलो. नव्हे, उभा राहिलो.

रामजी मांडवापाशी समुद्राकडे पाठ करून बसला होता, काठी आडवी धरून. आकाश मावळतीला अजून जरा उजळ होतं, तेवढ्या उजेडात सगळ्यांना दिसलं. एक बोका आला. घाई नाही, काही नाही. रामजीच्या समोरून चालत गेला, मांडवाच्या खालच्या बांबूवर पुढचे पाय ठेवले, बोंबलाची जोडी ओढली आणि रामजीच्या पायांपुढून गेला.

"मामा," हेमांगी म्हणाली, "मांजर तुमच्या समोरून घेऊन गेलं."

"कुठलं मांजर?"

कुणी हसलं नाही. हसायला पाहिजे होतं, पण हसलं नाही.

रामजी काठी टेकून उठला. वळला. ज्या बाजूने सगळ्यांचे आवाज येत होते तिकडे तोंड केलं आणि मान वर केली. बघत राहिला.

"कुठं?" त्याने हळूच विचारलं. हा माणूस हळू बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"तिकडं, मामा. होडीच्या डोलकाठीच्या वर."

"हेमांगी, तुला दिसतंय? नुसत्या डोळ्यांनी?"

"झाडू उभा केल्यासारखं दिसतंय की."

"खरं?"

"माझ्या सासूला दिसतंय. तुमच्या आईच्या वयाची हाय."

जयमालाने एव्हाना त्यातल्या त्यात चांगले फोटो निवडून लॅपटॉपवर एकावर एक रचले होते. चपात्यांची चळत करावी तसे रचतात, म्हणजे एका फोटोत जे पुसट असतं ते गडद होत जातं. लॅपटॉप तिने रामजीपुढे धरला. त्याने पडद्याला नाक लावलं, उजेड त्याच्या चेहऱ्यावर पडला. खाली हेमांगीची होडी, जरा हललेली, तिच्या टोकाचा लाल दिवा. वर तो. हिरवट डोकं, आणि शेपूट अशी की पडद्याच्या एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकाला संपतच नव्हती. आणि मागे चांदण्या, मिठागरावरच्या मिठासारख्या.

"होडी ओळखली," रामजी म्हणाला. मग बऱ्याच वेळाने, "एवढ्या चांदण्या हायत अजून?"

"आहेत, आबा. कुठे जाणार?"

"मी म्हटलं, गेल्या." त्याने हाताने डोळे पुसले. "किती दिवस राहील हा?"

"नुसत्या डोळ्यांनी आठवडाभर. मग फक्त कॅमेऱ्यात."

"मग उद्याच चल डॉक्टरकडं." आणि मग नेहमीच्या आवाजात, "हेमांगी, तुझं बोंबलांचं नुकसान माझ्या नावावर. आणि त्या बोक्याला बघून घेतो मी. डोळा नवा झाला की."

ऑपरेशन एका डोळ्याचं झालं. घाबरला होता, पण सदाची आठवण कामाला आली. डोळा चोळला नाही, वाकला नाही, वजन उचललं नाही. कमळाबाई सांगते, लग्नानंतर पहिल्यांदाच त्याने कुणाचं ऐकलं. काळा चष्मा घालून खुर्चीत बसायचा आणि घरातल्या वस्तूंना नावं ठेवायचा. भिंतीला रंग कधीचा दिलेला नाही. कपाळाची टिकली वाकडी लावलीय. भिंतीवरची पाल किती जाडी झाली.

डॉक्टरने संध्याकाळच्या वाऱ्यात बाहेर पडायला परवानगी दिली तोपर्यंत धूमकेतू झाडांच्या वर आला होता, पण विझत चालला होता. नुसत्या डोळ्यांना दिसेना. कॅमेऱ्यात होता, कापसाच्या बोळ्याएवढा. रामजी चिडला. माझ्यावर, डॉक्टरवर, धूमकेतूवर. "एवढी घाई काय होती त्याला? कुठं डिलिव्हरी द्यायचीय?"

"आबा, वर बघा तरी."

त्याने काळा चष्मा काढला. वर बघितलं. आणि बोलायचा थांबला. ओट्याची कड धरून खाली बसला. आत कमळाबाई भाकऱ्या थापत होती, तिचा हात थांबला, कारण एवढा वेळ हा माणूस गप्प बसत नाही.

आता तुम्ही बसलात तो हिवाळा आहे. धूमकेतू कधीच गेला. पण जयमालाचं काम थांबलेलं नाही आणि माझंही नाही. परवा कृत्तिका घेतल्या, तर त्या चांदण्यांच्या भोवती निळा धूर आला. डोळ्याला तो कुणालाच दिसत नाही, तरुणालाही नाही. मृगाच्या पोटातल्या बाणाखाली जी पुसट चांदणी वाटते ना, ती चांदणी नाहीच. गुलाबी ढग आहे, पंख पसरलेला, आणि त्यात नवे तारे जन्मतात म्हणे. माझ्या भट्टीसारखंच की. आणि हे सगळं कुणा मोठ्या वेधशाळेत नाही, पोफळीच्या आळ्याशेजारी, ट्रेलरच्या हबवर. माणसं म्हणतात, इंटरनेटवर याहून चांगले फोटो आहेत. असतील. त्यात हेमांगीची होडी आहे का?

विनेशने कोळीवाड्याच्या दिव्याला पत्र्याची टोपी केली. आता उजेड खाली मांडवावर पडतो आणि वर सांडत नाही. बोंबील दिसतात, बोका दिसतो, चांदण्याही दिसतात. तुमच्या गावात असा दिवा असेल तर त्यालाही टोपी घाला. खर्च फार नाही. आकाश बिघडलं म्हणून म्हाताऱ्यांना दोष देऊ नका आणि म्हाताऱ्यांनी आकाशाला देऊ नये, एवढंच मला सांगायचं होतं.

रामजी आता रोज संध्याकाळी खुर्ची घेऊन माझ्याशेजारी बसतो. त्याला एक नवा चाळा लागलाय. नवा डोळा हाताने झाकतो, जुन्याने वर बघतो. काही नाही, राख. मग जुना झाकतो, नव्याने बघतो. मृग, रोहिणी, व्याध, सगळी हजर. पुन्हा झाकतो. पुन्हा उघडतो. कालही असंच चाललं होतं. जयमाला कॅमेऱ्यात डोकं घालून होती.

"जया."

"हं."

"हा दुसरा डोळा फुकट बसलाय."

"तुम्हीच म्हणालात, एक पुरे."

त्याचा हात जुन्या डोळ्यावर तसाच.

"म्हणालो असेन. तारीख कधीची मिळते, ती विचार."

तारीख मिळाली आहे, पुढच्या आठवड्यातली. आता उठा. आणि हळू चाला, पाय आपटू नका. झाकण उघडं आहे, फोटो चालू आहे.